सातपुड्याच्या पायथ्याचे निवांत रस्ते

खानदेश म्हटला म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढें काळी सपाट जमीन, कापसाचीं शेतें, भुसावळचें भलें मोठें स्टेशन आणि वैशाखांतील भाजून काढणारें ऊन, एवढींच चित्रें उभीं राहतात. यांत आगगाडींतून जाणाऱ्या प्रवाशाचा दोष नाहीं. मुंबईहून नागपूरकडे निघालेली गाडी तापीच्या दक्षिण अंगानें धांवते, आणि उत्तरेच्या क्षितिजावर जी निळसर रेघ दिसते ती ढगांची कीं डोंगरांची, हें ठरण्यापूर्वींच ती पुढें निघून गेलेली असते. ती रेघ सातपुड्याची. तिच्या पायथ्याशीं, तापीच्या पलीकडील अंगास, यावल हें तालुक्याचें गांव आहे. भुसावळहून तेथवरचें अंतर वीस किलोमीटरांच्या आंतबाहेर. वर्दळीच्या रस्त्यांचा ज्याला वीट आला आहे आणि ज्याच्या घरीं एक धड सायकल आहे, त्याच्यासाठीं या गांवाच्या आसपास निवांत रस्त्यांचें एक जाळेंच पसरलेलें आहे.

निवांत रस्ता म्हणजे ओसाड रस्ता नव्हे. त्यावर बैलगाडी असते, केळीच्या बागेकडे निघालेला ट्रॅक्टर असतो, शाळेला जाणारीं मुलें असतात. नसतात ते फक्त दूरचे प्रवासी. असे रस्ते कोठें सांपडतील हें भाग्यावर अवलंबून नसून भूगोलावर अवलंबून असतें, आणि यावलचा भूगोल या बाबतींत मोठा अनुकूल आहे. पूर्वेस बऱ्हाणपूर आणि पश्चिमेस अंकलेश्वर यांना जोडणारा हमरस्ता येथें सातपुड्याला समांतर धांवतो. रावेर, सावदें, फैजपूर, यावल, चोपडें हीं गांवें त्यावर ओळीनें लागतात. या हमरस्त्यापासून उत्तरेकडे, डोंगराच्या दिशेनें, ठिकठिकाणीं लहान रस्ते फुटतात. डोक्याची फणी डोळ्यांपुढें आणावी. हमरस्ता हा तिचा कणा आणि हे लहान रस्ते तिचे दांते. केळ्यांनीं भरलेले ट्रक, प्रवासी मोटारी, सारी धांवपळ कण्यावर चालते. दांते डोंगराला जाऊन भिडतात आणि बहुधा तेथेंच संपतात. ज्या रस्त्यानें पुढें दुसरीकडे कोठेंच जातां येत नाहीं, त्या रस्त्यावर ज्याला तेथेंच जावयाचें आहे तोच येतो. या रस्त्यांच्या शांततेचें सारें रहस्य एवढेंच आहे.

कण्याची दिशा मात्र फार जुनी आहे. सतराव्या शतकांत सुरतेच्या बंदरांत उतरलेला माल बऱ्हाणपुरावरून आग्र्याकडे जाई तो तापीच्याच खोऱ्यांतून. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याच्या प्रवासवृत्तांत नंदुरबार, थाळनेर, चोपडें हे टप्पे येतात. यावलास निंबाळकरांच्या अमलाची आठवण देणारा जुना किल्ला आहे, आणि एके काळीं हें गांव हातकागदासाठीं व निळीसाठीं प्रसिद्ध होतें. दोन्ही धंदे आज नामशेष झाले आहेत. व्यापाराची वाट गांवावरून गेली म्हणजे धंदे वाढतात आणि काळ बदलला म्हणजे ते निघूनहि जातात. डोंगराकडे जाणाऱ्या दांत्यांवर मात्र असा चढउतार फारसा झाला नाहीं, कारण त्यांच्यावरून कोणताहि मोठा व्यापार कधींच गेला नाहीं.

या दांत्यांपैकीं कोणत्याहि एका रस्त्यानें सायकल उत्तरेकडे वळविली कीं पहिल्या तीन-चार किलोमीटरांतच एक चमत्कार अनुभवास येतो. रस्ता सपाट दिसतो, वारा पडलेला असतो, तरी पायांना भार जाणवूं लागतो. शंभर मीटरांस एक मीटर इतका चढ डोळ्यांना दिसत नाहीं. पण तोच वेग राखावयाचा तर सायकलस्वाराचे श्रम दीडपटीहून अधिक होतात. मोटारींत बसलेल्या माणसाला या जमिनीला उतार आहे हें आयुष्यभर कळणार नाहीं. सायकलवाल्याला तें गुडघ्यांकडून कळतें, आणि परतीच्या वाटेवर पाय न हलवितां चाकें पळूं लागलीं म्हणजे त्याची खात्री पटते.

हा उतार कोणीं केला? सातपुड्यांतून निघणाऱ्या नद्यांनीं. तापी मध्यप्रदेशांत मुलताईजवळ उगम पावून सुमारें ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे वाहत जाते. तिला उत्तरेकडून सुकी, मोर, अनेर अशा लहानमोठ्या नद्या येऊन मिळतात. डोंगर सोडतांना त्यांचा वेग एकदम मंदावतो आणि त्यांनीं वाहून आणलेले गोटे, वाळू व मुरूम पायथ्याशींच पसरतात. भूगर्भशास्त्रज्ञ या पट्ट्याला बझाडा म्हणतात. त्याच्या खालच्या अंगास, तापीपर्यंत, गाळाची खोल काळी जमीन लागते. म्हणून सायकलवरून जातांना तीन मुलुख एकामागून एक ओलांडावे लागतात: प्रथम केळीच्या बागा, मग गोट्यांचें माळरान, आणि शेवटीं काळ्या कातळाचा डोंगर. मधल्या पट्ट्यांत लहान पुलांखालीं पाहावें. पाऊस संपून दोन महिने झाले नाहींत तोंच नद्यांचीं पात्रें कोरडीं पडलेलीं आणि गुळगुळीत गोट्यांनीं भरलेलीं दिसतात. पाणी नाहींसें झालेलें नसतें. तें गोट्यांच्या फटींतून खालीं जमिनींत उतरलेलें असतें, आणि मैलोगणती दूरच्या विहिरींना तेंच पाणी पुरतें. सुकी हें नदीचें नांव येथें शोभून दिसतें.

आज या पाण्यावर मोठा ताण पडला आहे. यावल व रावेर हे केळीचे तालुके. जळगांवच्या केळ्यांना २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु केळ हें तहानलेलें पीक, आणि येथील पावसाची वार्षिक सरासरी सुमारें ७०० मिलिमीटर. ठिबक सिंचनाच्या काळ्या नळ्या आतां बहुतेक बागांतून दिसतात, तरीहि विहिरींच्या जागीं कूपनलिका आल्या आणि त्या वर्षानुवर्षें खोल जात राहिल्या. शेजारच्या धुळें जिल्ह्यांत, शिरपूर तालुक्यांत, भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखालीं नाले रुंद व खोल करून त्यांत सिमेंटचे बंधारे घालण्याचें काम झालें. वरचा घट्ट थर काढून पाणी खालच्या थरांत मुरूं द्यावें, असा त्यामागील विचार आहे. त्यावर जाणत्यांत मतभेद आहेत. पण जमिनीच्या पोटांतील पाणी ही हिशेबांत धरण्याची गोष्ट आहे, हें त्या प्रयोगानें लोकांना दाखवून दिलें. बझाड्याच्या कोरड्या पुलावर क्षणभर थांबलेल्या सायकलस्वाराला हा हिशेब पुस्तकावांचून समजतो.

आतां प्रत्यक्ष वाटांकडे वळावें. पहिली वाट नवशिक्यांसाठीं आणि मुलाबाळांसह निघणाऱ्यांसाठीं. यावलहून फैजपूरकडे हमरस्त्यानें न जातां हिंगोणें, हंबर्डी, मारूळ, न्हावी अशा गांवांना जोडणारे आडरस्ते धरावेत. चढ नाममात्र, दोन्ही बाजूंना केळीच्या बागांची ओल आणि उत्तरेला सतत सोबतीस असलेला सातपुडा. फैजपूर गांवाला एक मोठा मान आहे. राष्ट्रीय सभेचें खेड्यांत भरलेलें पहिलें अधिवेशन तें येथलें, २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजीं झालेलें. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, आणि त्यासाठीं उभारलेल्या टिळकनगराची सजावट चित्रकार नंदलाल बोस यांनीं बांबूसारख्या गांवच्याच साहित्यांतून केली होती. त्यापूर्वीं अधिवेशनें शहरांत भरत. हजारों माणसें खेड्यांत आलीं तर राहतील कोठें, खातील काय, ही शंका तेव्हांहि काढली गेली होती. धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तिला कामानें उत्तर दिलें. येथून परततांना आमोदें व बामणोद या गांवांवरून भुसावळकडे उतरतां येतें. हिंवाळ्यांत बामणोदच्या परिसरांतील भरिताचीं वांगीं बाजारांत येतात. तुरीच्या किंवा कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या त्या वांग्यांचें भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ल्यानंतर मात्र चढाच्या वाटेला लागूं नये.

दुसरी वाट पश्चिमेची. यावलहून चोपड्याच्या दिशेनें साकळी, किनगांव हीं गांवें मागें टाकून आडगांवकडे वळलें कीं रस्ता मनुदेवीच्या देवळापर्यंत जातो. फणीच्या दांत्याचें इतकें स्वच्छ उदाहरण दुसरें नाहीं. शेत, माळ, गोटे, डोंगराची घळ हे सारे टप्पे थोडक्या अंतरांत येतात आणि रस्ता देवीच्या दारांत संपतो. देवळामागें कड्यावरून पडणारा धबधबा आहे. पावसाळ्याच्या अखेरीस तो ऐन भरांत असतो. खानदेशांतील कित्येक घराण्यांची ही कुलदेवता, त्यामुळें नवरात्रांत येथें पाय ठेवायला जागा नसते. निवांतपणा हवा असेल त्यानें यात्रेचे दिवस टाळावेत. कारण त्या दिवशीं रस्ता यात्रेकरूंचा असतो. आणखी पश्चिमेस अडावदजवळ उनपदेव येथें गरम पाण्याचा झरा आहे. ज्यांचे पाय थकले असतील त्यांनीं तेवढी वाट वांकडी करावयास हरकत नाहीं.

तिसरी वाट घाटाची, आणि ती अनुभवी माणसाची. फैजपूरहून खिरोद्याला जावें आणि तेथून घाट चढून पालला पोंचावें. पाल हें रावेर तालुक्यांतील, सातपुड्याच्या पोटांत वसलेलें थंड हवेचें ठिकाण आहे. सुकी नदीवरील गारबर्डीचें धरण त्याच्याच परिसरांत येतें. ही वाट दांत्याच्या नियमाला थोडा अपवाद आहे. पालवरून पुढें मध्यप्रदेशांतील खरगोणकडे रस्ता जातो, म्हणून येथें मोटारी भेटतात. त्यासाठीं पहांटे निघावें. घाटांत सायकलीचे दंतचक्र बदलण्याची सोय मोलाची ठरते. फ्रान्सच्या प्रसिद्ध सायकल शर्यतींत ही सोय स्पर्धकांना १९३७ सालीं मोकळी झाली. तोंपर्यंत पट्टीचे शर्यतवालेहि डोंगराच्या पायथ्याशीं उतरून मागचें चाक काढीत आणि तें उलटें करून दुसऱ्या बाजूचें मोठें चक्र सांखळीला लावीत. ज्याच्या सायकलीला एकच चक्र आहे त्यानें मुकाट्यानें खालीं उतरून ती हातानें ढकलीत न्यावी. पायथ्याचा शेतकरी आणि डोंगरांतला पावरा वर्षानुवर्षें हेंच करीत आला आहे, आणि त्यांत त्याला कधीं कमीपणा वाटला नाहीं. उतरतांना मात्र दोन्ही ब्रेक आळीपाळीनें, थोडे थोडे दाबावेत. वळणावर खडी सांडलेली असते आणि समोरून ट्रक येऊं शकतो.

डोंगराच्या या बाजूस यावलचें अभयारण्य आहे. त्याची घोषणा १९६९ सालीं झाली आणि त्याचें क्षेत्र सुमारें १७७ चौरस किलोमीटर आहे. साग, अंजन, सालई, मोह, तेंदू हीं येथलीं झाडें. बिबट्या आणि अस्वल यांचा येथें वावर आहे. पक्षिशास्त्रज्ञांना या रानाची ओढ रानपिंगळ्यासाठीं आहे. हें लहानसें घुबड १८८४ नंतर शास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडलें नव्हतें. तें नामशेष झालें अशीच समजूत होती. नोव्हेंबर १९९७ मध्यें शहाद्याजवळच्या सातपुड्यांत तें पुन्हां दिसलें, आणि पुढें यावलच्या रानांतहि त्याची नोंद झाली. एकशें तेरा वर्षें तें लपून बसलें नव्हतें. त्याच्या रानांत जाऊन नीट पाहणारें कोणी आलें नव्हतें. अभयारण्यांत शिरण्यास वनखात्याची परवानगी लागते. ती आधीं घ्यावी, ठरलेल्या रस्त्याबाहेर जाऊं नये आणि सूर्यास्तापूर्वीं बाहेर पडावें. सायकलचा आवाज होत नाहीं हा रानांत गुण आहे तसा धोकाहि आहे. वळणापलीकडे अस्वल असेल तर त्यालाहि आपली चाहूल लागत नाहीं. आंधळ्या वळणावर घंटा वाजवावी ती एवढ्यासाठीं.

काळवेळेसंबंधीं दोन शब्द. आश्विनापासून माघापर्यंतचा काळ या प्रवासाला चांगला. फाल्गुनांत पळस फुलतो, आणि होळीपूर्वींच्या आठवड्यांत पायथ्याच्या गांवांतून भोंगऱ्या बाजार भरतात. पावरा मंडळी ढोल घेऊन डोंगरांतून उतरतात. तो सोहळा पाहण्यासारखा असतो. पण पाहणाऱ्यानें पाहुण्याच्या मर्यादेनें राहावें, कोणाच्या तोंडापुढें कॅमेरा धरूं नये. चैत्र-वैशाखांत मात्र खानदेशच्या उन्हाशीं खेळूं नये. पारा ४५ अंशांवर जाणें येथें नवलाचें नाहीं. पाणी लागेलसें वाटेल त्याच्या दुप्पट न्यावें. बाभळीचा कांटा हा येथील सायकलस्वाराचा खरा शत्रु, म्हणून एक जादा ट्यूब, पंप आणि ठिगळाचें साहित्य नेहमीं जवळ असावें. शिदोरीची काळजी नको. केळीं वाटेवरच पिकतात.

इतकें सांगून झाल्यावर एक अवघड प्रश्न उरतो, आणि तो टाळून या रस्त्यांची स्तुति करणें बरें नव्हे. शहरांतून आलेल्या माणसाला जी शांतता वाटते, ती तेथें राहणाऱ्याला पुष्कळदां अडचण वाटते. डोंगरांतील पाड्यांवर पावरा, बारेला, तडवी भिल्ल अशा समाजांची वस्ती आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानें जंगलांत राहणाऱ्यांचे हक्क मान्य केले. पण हक्क कागदावर आला म्हणून रस्ता दारांत येतोच असें नाहीं. सातपुड्यांतील पाड्यांवरून बाळंतिणीला किंवा आजारी माणसाला बांबूच्या झोळींत घालून खालीं आणावें लागल्याच्या बातम्या अजूनहि येतात. सायकलस्वाराला जेथें रस्ता संपल्याचा आनंद होतो, तेथून पुढें चार-सहा किलोमीटर झोळी वाहणारे चार खांदे चालत असतात. त्यांच्यापुढें उभें राहून, हा रस्ता असाच राहूं द्या, फार सुंदर आहे, असें म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

तो कोणालाच नाहीं. परंतु या प्रश्नांत दोन गोष्टींची गल्लत होते, आणि ती सोडविली म्हणजे वाट निघते. रस्ता पक्का असणें ही एक गोष्ट आणि तो रुंद व आरपार असणें ही दुसरी. रुग्णवाहिकेला लागतो तो एक गाडी सुखरूप जाईल इतका, खड्डे नसलेला, पावसाळ्यांत ओढ्याच्या पुरानें न तुटणारा रस्ता. त्यावर भक्कम मोऱ्या आणि दोन गाड्या समोरासमोर आल्या तर बाजूला व्हायला ठिकठिकाणीं जागा. त्याला चार पदरांची गरज नसते, आणि डोंगर फोडून पलीकडच्या मुलुखांत निघण्याचीहि नसते. रस्ता रुंद झाला, आरपार झाला, म्हणजे त्यावरून पाड्याची बाळंतीण तर जातेच, पण तिच्यामागून दूरच्या शहरांचा सारा माल जाऊं लागतो, आणि रात्रीं रस्ता ओलांडणाऱ्या जनावरांची धडगत राहत नाहीं. अरुंद पण पक्क्या रस्त्यानें पाड्याची गरज भागते आणि रानहि शाबूत राहतें. फणीचा दांता बळकट करावा. त्याचा दुसरा कणा करूं नये.

या रस्त्यांवर सायकलनें जाणाऱ्याचें एक कर्तव्य यांतूनच निघतें. तो मोटारवाल्याहून सावकाश जातो, त्यामुळें कोणती मोरी खचली आहे, कोणत्या वळणावर कठडा नाहीं, कोणत्या पाड्याच्या अलीकडे डांबर संपतें, हें त्याला इंजिनिअरच्या आधीं दिसतें. तें त्यानें लिहून ठेवावें, पाड्यावरच्या माणसांना विचारून पारखून घ्यावें आणि जिल्हा परिषदेकडे किंवा बांधकाम खात्याकडे कळवावें. चहा पाड्यावरच्याच टपरीवर घ्यावा, वाट तेथल्याच पोराला विचारावी. हे रस्ते निवांत आहेत ते तेथल्या माणसांनीं मोजलेल्या किमतींत. त्यांवरून सुखानें फिरून आलेल्यानें त्या किमतीचा थोडा तरी वांटा उचलावा, एवढीच अपेक्षा.